उलट्या वाट्या

नागव्वाला धक्का बसायला फारसं काही लागत नाही. भवानी पेठेतल्या त्यांच्या बोळात हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. कुणी शेंगाचटणी उखळात न कुटता मिक्सरमधून फिरवली, कुणी लग्नाची पत्रिका नुसती फोनवर धाडली, कुणाच्या सुनेनं सोमवारी नखं कापली, की हिचा उजवा हात छातीवर जातो, डोळे मोठे होतात आणि ‘अय्यो शिवा!’ अशी हाक निघते. सात रस्त्यावरचं वह्या-पेनांचं दुकान बंद करून जेवायला घरी आलेला तिचा नवरा मल्लिकार्जुन त्या हाकेनं ताटातून मानसुद्धा वर करत नाही. ‘काय झालं?’ असंही विचारत नाही. विचारलं तर ती सांगेल, याची त्याला भीती.

पण यंदा पाडव्याच्या तोंडावर तिला खरा धक्का बसला, तेव्हा ती ओरडली नाही. हात छातीवर गेला नाही. ती नुसती बसून राहिली, आणि शेजारी बसलेल्या तिच्या दोन्ही मैत्रिणी त्यानंच घाबरल्या.

त्या दोघी म्हणजे सोनाली आणि नरसम्मा. सोनाली समोरच्या घरातली सून. फोनवर बघून बघून ती मातीच्या मण्यांचे दागिने शिकली आणि दुपारी सोबत पाहिजे म्हणून तिनं नागव्वाला ओढलं. नागव्वानं मागच्या गल्लीतल्या नरसम्माला ओढलं. नरसम्मा विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. जेवणं आटपली की तिघी नागव्वाच्या गच्चीवर जमतात. कुंभाराकडून आणलेली माती चाळायची, मळायची, तळहातावर मणी वळायचे, झाडूच्या काडीनं भोक पाडायचं आणि सावलीला वाळवायचे. मग पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या भुशात कोंडून गोवऱ्यांवर भाजायचे. धूर आत कोंडला की मणी काळे कुळकुळीत निघतात, रंग द्यावा लागत नाही. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हाच्या ‘अय्यो शिवा’नं शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली होती.

या कामात नागव्वाचे दोन कायदे आहेत. भाजताना मणी तडकला तर ‘फुटला’ म्हणायचं नाही, ‘वाढला’ म्हणायचं. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, तसा मणीही वाढतो. फुटला म्हणणं अशुभ. यावरून एकदा घोळही झाला. सोनालीनं एका गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, ‘ताई, तुमचे मणी वाढले हो,’ तर ती बाई खूश होऊन म्हणाली, ‘मग त्यात कानातलं बसेल का?’ दुसरा कायदा असा, की माळ हातात देताना प्रत्येकीला बजावायचंच: ‘आंगोळीला काढून ठेवा बरं का. माती हाय ती.’

तर या सोनालीनं एकदा मातीचं मंगळसूत्र करायचं काढलं.

“मातीचं?” नागव्वाचा हात छातीवर गेलाच. “आन् वाढलं म्हंजी? नवऱ्याच्या जिवाला घोर की गं!”

बरीच हुज्जत झाली. शेवटी नमुन्यापुरतं एकच करायचं आणि कुठल्याही सवाष्णीला विकायचं नाही, असं ठरलं. मणी नागव्वानं वळले. दोन वाट्याही तिनंच केल्या, करंगळीच्या टोकावर माती दाबून दाबून. सोनालीनं त्यांना सोनेरी रंग दिला आणि दोन वाट्यांच्या मधल्या चपट्या मण्यावर बेलाचं पान रंगवलं. वाट्या फिरू नयेत म्हणून नागव्वानं दोन्ही बाजूंना गाठी मारल्या. पुरं झाल्यावर तिघी त्याच्याकडं बघतच राहिल्या, इतकं ते देखणं झालं होतं. मग बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिलं, ते तिथंच पडलं.

नागव्वाची एकुलती एक मुलगी रुद्राणी. पुण्याला जाऊन जपानी भाषा शिकली आणि आता जपानात नागोया नावाच्या शहरात एका कंपनीत दुभाष्याचं काम करते. दर रविवारी सकाळी ती फोनवर दिसते, आणि दर रविवारी नागव्वाला त्या देशाचा एखादा नवा धक्का बसतो. गेल्या डिसेंबरात नाताळचा बसला.

“हितं नाताळ म्हंजे जोडप्यांचा सण, अव्वा,” रुद्राणी म्हणाली. “दोघांनी संध्याकाळी फिरायला जायचं, तळलेली कोंबडी आन् स्ट्रॉबेरीचा केक खायचा.”

“नवरा-बायकोनी?”

“लगीन न झालेलेच जास्त असतात.”

“अय्यो शिवा! देवाच्या वाढदिवसाला कोंबडी? आन् ती पन बिनलग्नाच्या पोरापोरींनी?”

रुद्राणीनं हसत सांगितलं, की आपण नुसता केक खाल्ला. कुणाबरोबर खाल्ला, हे विचारायचं नागव्वाला सुचलं नाही. मुलीनं गळ्यातलं इष्टलिंग काढलं नाही आणि कोंबडीला हात लावला नाही, एवढ्यावर ती समाधानी झाली.

त्यावर कडी झाली फेब्रुवारीतल्या प्रेमाच्या दिवसाची. तिथं म्हणे त्या दिवशी पुरुष काही देत नाहीत. बायकाच पुरुषांना चॉकलेट देतात. हे ऐकून नागव्वा पाटावरून उठलीच.

“बायका देतात? पुरुषांना? आपनहून?”

“अगं, ऑफिसातल्या सगळ्यांनाच द्यावं लागतं. साहेबाला, शेजारच्या टेबलवाल्याला. नुसती रीत हाय ती. मनापासून द्यायचं ते येगळं असतं, ते एकालाच. आन् ज्यांना मिळालं ते पुरुष महिन्यानं, चौदा मार्चला, परतफेड करतात.”

“मंग आहेर म्हन की!” नागव्वा एकदम शांत झाली. “दिला, आन् परत आला. हितं काय दुसरं चालतं?” आणि पुढचे दोन दिवस ती बोळातल्या सगळ्यांना जपानी आहेर समजावून सांगत होती. मनापासूनचं ते वेगळं, हे तिच्या कानावरून गेलं होतं, पण आत शिरलं नव्हतं.

हे झालं फेब्रुवारीत. त्याआधी जानेवारीत गावच्या सिद्धरामाच्या, म्हणजे गड्ड्याच्या, जत्रेला रुद्राणी घरी येऊन गेली होती. अक्षतेच्या सोहळ्याला मायलेकी गर्दीत दाटीवाटीनं उभ्या होत्या. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच काठ्यांचे नंदीध्वज तोलून धरत होती, आणि नागव्वा दरवर्षीप्रमाणं मुलीला गोष्ट सांगत होती: कुंभाराच्या पोरीनं सिद्धरामाला लग्नाचं विचारलं. तो योगी, संसार त्याला वर्ज्य. तो म्हणाला, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. हे त्याच लग्नाचं वऱ्हाड. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती पोरगी आगीत सती गेली म्हणून जो होम होतो, त्यालाही दोघी गेल्या. बाजरीच्या पेंढीला कुंभारकन्या म्हणून नवी साडी नेसवलेली, गळ्यात मणी-मंगळसूत्र, हातात बांगड्या. पेंढीला अग्नी दिला तेव्हा नागव्वानं हात जोडले. रुद्राणीनंही जोडले, पण ती त्या आगीकडं जरा जास्तच वेळ बघत होती.

त्याच मुक्कामात अक्कलकोटची माणसं तिला बघून गेली. मुलाचं नाव शिवयोगी, बँकेत नोकरीला, घर ओळखीतलं, पुरणपोळीसारखं मऊ बोलणारी सासू. रुद्राणी म्हणाली, ‘विचार करते.’ नागव्वानं ते ‘हो’ असं ऐकलं. पुढं फोनवर रुद्राणी म्हणाली, ‘एवढी घाई करू नका.’ नागव्वाला तो पोरीचा लाजरेपणा वाटला. तिनं अक्कलकोटला शब्द दिला: पोरगी तिकडं असली तर असू दे, पाडव्याला थोरामोठ्यांनी बसून सुपारी फोडू. नातेवाइकांना फोन गेले. रुद्राणीच्या काकूनं खणाची साडी घेऊन ठेवली. नागव्वानं आयुष्यात दिलेला शब्द कधी मागं घेतला नव्हता, आणि हे ती स्वतःच येताजाता सांगत असे.

पाडवा चार दिवसांवर असताना, रविवारी, रुद्राणीचा फोटो आला.

तिघी गच्चीवर वाळलेले मणी गोळा करत होत्या. फोटोत बाग होती, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झाड होतं, झाडाखाली रुद्राणी होती आणि तिच्या शेजारी एक उंच, हसऱ्या डोळ्यांचा पोरगा. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला खोका. आणि त्याच्या निळ्या स्वेटरवर, सगळ्या जगाला दिसेल असं, काळ्या मण्यांचं, दोन सोनेरी वाट्यांचं मातीचं मंगळसूत्र.

खाली लिहिलं होतं: ‘अव्वा, हा ताकुया.’

नागव्वा बघत राहिली. ओरडली नाही. सोनालीनं तिच्या हातातून फोन घेतला, बघितला आणि नरसम्मासमोर धरला. नरसम्मानं डोकावून बघितलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटली.

“पुरुषाच्या गळ्यात,” नागव्वा म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. “मंगळसूत्र. पुरुषाच्या गळ्यात.”

“मावशी, असं काय करताय?” सोनाली भानावर येऊन म्हणाली. “काल चौदा मार्च हुता की! तुमीच सांगितलं न्हवं, आहेर परत करायचा दिवस. ऑफिसातल्या सगळ्यांना तिनं चॉकलेट वाटलं असंल, ह्याला माळ दिली. त्याला काय ठाऊक ते काय हाय? मान ठेवायला घालून आला बिचारा.”

“व्हय की,” नरसम्मा म्हणाली. “त्याला ती नुसती माळ.”

नागव्वानं बुडत्यानं दोर धरावा तसं ते धरलं. आहेर. मान ठेवायला. पण मग ते रुद्राणीकडं गेलं कसं? डबा तर इथं होता.

सोनालीनं एक मणी उचलून परत ठेवला. “माझ्याच हातून गेलं असंल,” ती म्हणाली. “ती जाताना मैत्रिणींसाठी माळा भरून दिल्या न्हवं, त्यात चुकून.”

झालं. इतका वेळ कोंडलेलं सगळं सोनालीवर निघालं. डोळे हायेत का बटनं, मंगळसूत्र काय माळेत टाकायची वस्तू हाय, अक्कलकोटच्या लोकांनी हा फोटू बघितला म्हंजी माझ्या तोंडाला काळं, असं बरंच काही. सोनालीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. नागव्वाला बरं वाटलं. धक्का ओसरला, निदान तिला तसं वाटलं. ती पाणी प्यायली आणि तिनं फोटो आणखी एकदा बघायला घेतला. आता जरा हसूही येत होतं. दोन बोटांनी तिनं तो मोठा केला.

वाट्या उलट्या होत्या.

पोकळ बाजू बाहेर, फुगीर बाजू आत. त्यांच्या बोळात नवी नवरी मंगळसूत्र असंच घालते. काही महिने वाट्या उलट्या, मग एखाद्या चांगल्या दिवशी घरची थोरली बाई हळदीकुंकू लावून त्या सुलट्या करते. समोर बसलेल्या या सोनालीच्याच वाट्या, ती लग्न होऊन आली त्या वर्षी, नागव्वानं सुलट्या केल्या होत्या. हळदीकुंकवाचं तबक तेव्हा रुद्राणीनं धरलं होतं, आणि ‘उलट्या का घालायच्या?’ विचारून विचारून भंडावून सोडलं होतं.

“फिरल्या असतील,” सोनाली हळूच म्हणाली.

“गाठी मी मारल्यात,” नागव्वा म्हणाली. “आन् मधल्या मन्यावरचं बेलाचं पान बघ. ते समोर हाय. नुसत्या वाट्याच उलट्या. कुनीतरी गाठी सोडून, उलटून, परत बांधल्यात.”

त्या जपानी पोराला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. सगळ्या नागोयात हे ठाऊक असणारी एकच मुलगी होती. नागव्वानं मणी तसेच टाकले, ती जिना उतरली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं व्हिडिओवरून फोन लावला. मैत्रिणी मागं मागं उंबऱ्यापर्यंत आल्या.

पलीकडं रुद्राणीनं लगेच उचलला. ती फोन घेऊन वाटच बघत बसली असावी.

“रुद्रा, ते डब्यातलं चुकून आलं काय गं तुझ्याकडं?”

“न्हाई अव्वा. मी घेतलं.”

उंबऱ्यात सोनालीनं नजर वळवली. नागव्वानं ते बघितलं.

“बाकीच्यांना काय दिलंस?”

“चॉकलेट.”

“आन् ह्याला?”

“ह्याला ते.”

“तुला ठाऊक हुतं ते काय हाय?”

“अव्वा,” रुद्राणी म्हणाली, “मी भवानी पेठेत लहानाची मोठी झाले.”

यावर नागव्वाचा आवाज परत आला, आणि आला तो चांगला खणखणीत. कुठल्या देशात बाई पुरुषाच्या गळ्यात मंगळसूत्र घालते? कुठल्या देशात बाई आपणहून विचारते? ही त्या लोकांची थेरं आपल्या घरात कशाला? तिकडं ती कोंबडी खाऊन सण करणारी माणसं, त्यांना ना आगा ना पिछा! पाडव्याला सुपारी फुटणार, अक्कलकोटला शब्द गेलाय, मी तोंड कुठं लपवू?

रुद्राणीनं सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते, पण ती खाली बघत नव्हती.

“मी विचार करते म्हणलं हुतं. घाई करू नका म्हणलं हुतं. पुढं बोलायचं धाडस झालं न्हाई, म्हणून फोटू पाठवला. ती माझी चूक. पण बाईनं आपणहून विचारायचं, हे मी जपानातनं न्हाई शिकले, अव्वा. आपल्याकडं पहिल्यांदा कुणी विचारलं? कुंभाराच्या पोरीनं की. तिच्याच लग्नाच्या अक्षता तू दरवर्षी टाकतीस.”

नागव्वा आता हळू आवाजात म्हणाली, “आन् दुसऱ्या दिवशी तिचं काय झालं, ते ठाऊक हाय न्हवं तुला?”

“ठाऊक हाय. म्हणून तर मी दंडाशी लगीन न्हाई लावलं. माणसाला विचारलं. आन् त्यानं हो म्हणलं.”

नागव्वानं फोन बंद केला.

ती पलंगाच्या कडेला बसली. मुलगी गेली, असं तिला वाटलं; आणि त्याच वेळी, इतक्या रविवारांत आज पहिल्यांदाच मुलगी तिच्याशी खरं बोलली होती, हेही तिला कळत होतं. या दोन्ही गोष्टींचा धक्का एकदमच बसला होता. कुठला जास्त लागला, ते सांगता येत नव्हतं.

मल्लिकार्जुन पेपर घेऊन बाहेरच्या खोलीतून आत आला. उंबऱ्यात दोघी बायका उभ्या, बायको गप्प. घरात ‘अय्यो शिवा’ ऐकू आलं नव्हतं. तो तिच्यासमोर येऊन थांबला.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

नागव्वानं त्याच्याकडं वर बघितलं. मग फोटो उघडून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावून तो बघितला, बराच वेळ बघितला.

“चेहरा गरीब हाय पोराचा,” तो म्हणाला. आणखी थोडं बघून म्हणाला, “आपली पन हसतीय की. अक्कलकोटची मानसं आल्ती त्या दिवशी हसली न्हवती.”

हे नागव्वाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी पोहे कसे झालेत, याकडं तिचं सगळं लक्ष होतं. तिला आता त्या दिवसाचा रुद्राणीचा चेहरा आठवेना, आणि आठवत नाही याचीच तिला लाज वाटली. तिनं पदरानं डोळे पुसले, फोन परत घेतला आणि कुणाला काही न सांगता अक्कलकोटचा नंबर लावला.

“वैनी, भवानी पेठेतनं नागव्वा बोलतीय. पाडव्याला येऊ नका. पोरीनं आधीच सांगितलं हुतं, मीच ऐकलं न्हाई. तुमच्या पोराला बोल लागंल असं काईबी न्हाई, चूक माझी हाय. काय बोलायचं ते मला बोला.”

पलीकडची बाई बोलली. ते मऊ बोलणं आज मऊ नव्हतं. नागव्वा मान हलवत ‘व्हय’, ‘खरं हाय’, ‘तुमचं बरोबर हाय’ असं म्हणत राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बोलणं संपल्यावर तिनं फोन मांडीवर ठेवला. मग सोनालीला जवळ बोलावलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “खोटं बोलायला येत न्हाई गं तुला. डोळ्यात दिसतंय.”

“मावशी, आता रुद्राला फोन करा की,” सोनाली म्हणाली. “रडत बसली असंल.”

“मला काय बोलायचं न्हाई तिच्याशी.”

ती उठून गच्चीवर गेली. मणी पसरलेले होते तसेच होते. ते सुपात गोळा केले, निवडले, एक तडकलेला बाजूला काढून ठेवला. दोन्ही मैत्रिणी मुकाट्यानं शेजारी बसून निवडायला लागल्या. थोड्या वेळानं नागव्वानं हात झटकले, पदराला पुसले आणि फोन लावला. पलीकडून रडका आवाज आला, “अव्वा?”

“आंगोळीला काढून ठेवायला सांग त्याला,” नागव्वा म्हणाली. “माती हाय ती.”